छप्पन्न अंशांवरचं रक्त

पहिल्याच खेपेला मी डॉक्टरबाईंच्या पुढ्यात उकडलेलं रक्त नेऊन ठेवलं.

उकडलेलं म्हणजे अक्षरशः उकडलेलं. रक्त गोठून खाली बसलं की वर जे पिवळसर पाणी राहतं त्याला आम्ही सीरम म्हणतो. ते सीरम छप्पन्न अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, एवढंच काम होतं. मी नळ्या पाण्यात सोडल्या, स्टोव्हची वात जरा वर घेतली आणि बाहेर उलटलेला कांद्याचा ट्रक बघायला गेलो. आमच्या उमरग्याला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक उलटणं ही नवलाची गोष्ट नव्हे. पण रस्ताभर कांदे आणि त्यांच्यामागं धावणारा पोलीस, हे दृश्य सोडवेना. परत आलो तेव्हा पाणी खळखळत होतं आणि नळ्यांत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. नळी उलटी केली तरी पडेना. काय झालंय ते कळेना, म्हणून तसंच बाईंकडं घेऊन गेलो.

बाईंनी नळी उजेडात धरली. माझ्याकडं बघितलं.

"कांबळे," त्या म्हणाल्या, "मीठ-मिरची मागवू का?"

बाईंचं माहेर पुण्याकडचं, सासर उमरग्याचं. रस्त्यालगत त्यांचं बाळंतपणाचं छोटं इस्पितळ होतं. मी औरंगाबादला प्रयोगशाळेचा कोर्स करून आलो आणि त्यांच्याकडं चिकटलो, तो अजून आहे. माझी प्रयोगशाळा म्हणजे मूळची तिथली मोरी. नळ होता, पाणी वाहून जायला जागा होती, आणि खिडकी इतकी वर होती की बाहेरून कुणी डोकावून 'हे माणसाचं रगत शिजवतंय' अशी बोंब मारू शकत नव्हतं. तरी ती बोंब व्हायची ती झालीच.

आता हे रक्त शेकायचं कारण सांगतो, नाहीतर तुम्हीही तेच म्हणाल.

पोटातलं मूल आईच्या अंगावर वाढतं ते वारेच्या आधारानं. बाळंतपणानंतर पडते ती वार. ती आईच्या रक्तातून अन्न, हवा घेऊन मुलाला पोचवते. वारेनं अंग चोरलं की मूल खुरटतं. पण वार दिसत नाही, हाताला लागत नाही. बाईंच्या हाताला लागायचं ते पोट, आणि आमच्या भागात पोटाच्या मापावर विसंबायची सोय नव्हती, कारण दिवस कितवे ते कुणालाच माहीत नसायचं. "पंचमीच्या सुमारास पाळी चुकली" असं बाई सांगायची, सासू म्हणायची "न्हाय, पोळ्याला," आणि नवरा दाराबाहेर बिडी ओढत असायचा. पोट लहान दिसतंय ते दिवस कमी म्हणून की मूल खुरटलंय म्हणून, हे ठरवायचं कसं?

तर वारेतून एक पदार्थ आईच्या रक्तात उतरतो. फॉस्फेटेज त्याचं नाव. अडचण अशी की त्याच नावाचे भाऊबंद हाडांतून आणि यकृतातूनही रक्तात येत असतात. पण ते नाजूक, छप्पन्न अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात मान टाकतात. वारेतला तेवढा तग धरतो. मग त्या शेकलेल्या सीरममध्ये एक औषध घातलं की नळीत पिवळा रंग चढतो. रंग गडद तर वार जोमात, रंग फिका तर वार हटलेली. आमच्याकडं एक रंगमापक यंत्र होतं, त्यात नळी सरकवली की काटा हलून आकडा दाखवायचा. बाईंनी हे कुठल्याशा परिषदेत ऐकलं होतं. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं, "एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक बाईचा आकडा वेगळा. आठवड्याआठवड्याला तो चढतोय की पडतोय, तेवढं बघायचं."

म्हणजे एकाच बाईचं रक्त पुन्हा पुन्हा काढायचं. इथंच सगळं घोडं अडायचं.

रक्त द्यायला आमच्याकडचं माणूस फार जड. हमरस्त्यावरचे ट्रकवाले, मांड्या खांबासारख्या, मिशा पिळलेल्या, सुई बघून माझ्या स्टुलावरून खाली कोसळलेले मी पाहिले आहेत. एका म्हाताऱ्यानं तपासणी झाल्यावर उरलेलं रक्त परत मागितलं होतं. "माझंय की ते," तो म्हणाला. आणि गंमत अशी, की माझ्या गावात माझ्या बापाच्या हातचं पाणी न घेणारी माणसं इथं बाही वर करून माझ्या हाती रक्त द्यायची. मी मनातल्या मनात हसायचो आणि सुई हळू टोचायचो.

उकडलेल्या रक्ताच्या प्रकारानंतर बाईंनी नियम घातला, की प्रत्येक वेळी एक भरवशाची नळी बाकीच्यांबरोबर ठेवायची. म्हणजे जिची वार धडधाकट आहे अशा बाईचं सीरम त्याच पाण्यात, त्याच वेळी शेकायचं. तिच्या नळीला चांगला रंग आला म्हणजे पाणी बरोबर होतं, औषध बरोबर होतं, कांबळे जागेवर होते. ती नळी बिनरंगाची निघाली तर कांबळे ट्रक बघायला गेले होते.

पण दर आठवड्याला रक्त देणारी धडधाकट गरोदर बाई आणायची कुठून? बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मीही त्यांच्याकडं बघत राहिलो. आमची सुमन तेव्हा पोटुशी होती. पहिलीच खेप.

घरी विचारलं तेव्हा सुमन भाकरी थापत होती. म्हणाली, "बायकोचं रक्त पितात नवरे, एवढं ऐकून होते. तुम्ही ते शेकणार होय?" पण आली. दर बाजारच्या दिवशी माझा डबा घेऊन यायची, बायकांच्या बाकावर बसायची, शेजारणींशी तासभर बोलायची, आणि नंबर आला की हात पुढं करायची. संध्याकाळी घरी गेलो की विचारायची, "कसं आहे?"

मी सांगायचो, "बरोबर छप्पन्नावर टिकलं. एक अंशही हललं नाही."

"बरं," ती म्हणायची.

त्याच दिवसांत महादेवी आली.

रस्त्यापासून आत, कर्नाटकच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या दूध सोसायटीचा सचिव शिवाप्पा, त्याची ही बायको. अंगानं काडी, डोळे मोठे, बोलणं जवळजवळ नाहीच. बरोबर सासू, गंगव्वा. घरात सगळे तिला अव्वा म्हणायचे, मग आम्हीही म्हणायला लागलो. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची बरीचशी जनावरं छावणीला गेली आणि थोडीच परत आली. पुढं सोसायटी निघाली, कर्जावर दोन म्हशी आल्या, आणि घर पुन्हा उभं राहिलं ते दुधावर. त्या वर्षीही पावसानं ओढ दिली होती, कडबा महाग होता, म्हणून घरातलं थेंबन् थेंब दूध सोसायटीत जायचं.

महादेवीचं पहिलं मूल अडलं होतं. थोराड पोर, बाहेर येईना, दोन दिवस बाई ओरडत होती आणि शेवटी मूल मेलेलं निघालं. दुसरं चिमणीएवढं आलं, संध्याकाळपर्यंत राहिलं आणि गेलं. आता ही तिसरी खेप. बाईंनी पोटावर हात ठेवला, फीत लावली आणि पुन्हा एकदा लावली. मला म्हणाल्या, "हिचं दर आठवड्याला."

पहिल्या नळीला फिकट पिवळा रंग आला. शिवाप्पा दारात उभा होता. दुधाच्या तपासणीतला माणूस, त्याला हे सगळं आपलंच वाटत होतं.

"किती लागली फॅट?" त्यानं विचारलं.

"हे दूध नव्हे, शिवाप्पा."

"ते कळतंय वो. पर पास का नापास, तेवढं सांगा की."

"एका नळीवर सांगता येत नाही. पुढच्या बाजारी पुन्हा घेऊन या."

"आमच्याकडं एका बाटलीवर सांगतो आमी," तो जरा नाराजीनं म्हणाला.

पुढच्या बाजारीही रंग तेवढाच. चढायला हवा होता, चढला नव्हता. बाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं, "हिच्या अंगात रक्त कमी आहे आणि मुलाची वार नीट काम करत नाही असं दिसतंय. लोहाच्या गोळ्या देते, त्या घ्यायच्या. पुढच्या वेळी आकडा पडला तर सोलापूरला न्यावं लागेल. तिथं गरज पडली तर मूल लवकर काढतील."

"काढतील म्हंजे?" गंगव्वानं विचारलं.

"ऑपरेशन करून."

"अन् जगंल ते?"

बाई खोटं बोलत नसत. म्हणाल्या, "इतक्या लवकर काढलेलं जगेलच असं नाही. पण आत राहून मरण्यापेक्षा..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

महादेवी जमिनीकडं बघत होती. गंगव्वा बाईंच्या टेबलावरच्या माझ्या नळीकडं बघत होती. तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते मला कळायला हवं होतं. पण शिजवण्याच्या बाबतीत माझी अक्कल किती, ते वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या बाजारी ही गर्दी. बाक भरलेले, जमिनीवर बायका, पोरांची रडारड. गंगव्वा आत आली, मागं हनुवटीपर्यंत पदर ओढलेली बाई. "महादेवी," गंगव्वानं नाव सांगितलं. बाई स्टुलावर बसली, पदरातून हात बाहेर आला. आमच्याकडच्या बायका परपुरुषासमोर पदर वर करत नाहीत, आणि आपणही परक्या बाईच्या तोंडाकडं टक लावून बघत नाही. मी कोपराकडं बघतो. कोपरात शीर मिळाली की माझं जग तिथं संपतं. त्या दिवशी शीर लगेच मिळाली, चांगली टपोरी. मी खूश झालो. पुढची नळी सुमनची.

दुपारी हिमोग्लोबिन बघितलं तर महादेवीचं एकदम वर. बाईंना सांगितलं. त्याही खूश. "गोळ्या लागू पडल्या," त्या म्हणाल्या. "एरवी इतक्या लवकर होत नाही हं."

मग पाणी तापवलं, नळ्या सोडल्या, स्टूल ओढून थर्मामीटरसमोर बसलो. बाहेर कोणता ट्रक उलटला असता तरी उठलो नसतो. अर्ध्या तासानं औषध घातलं आणि थांबलो.

सुमनची नळी हळदीसारखी पिवळी झाली. महादेवीची नळी पाण्यासारखी राहिली.

मला वाटलं औषध घालायचं राहिलं. उरलेल्या सीरममधून पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. एक हळद, एक पाणी. रंगमापकात नळी सरकवली तर काटा जागचा हलला नाही. मी दोन्ही नळ्या घेऊन बाईंकडं गेलो. त्यांनी आधी माझ्याकडं संशयानं पाहिलं, आणि तो त्यांचा हक्कच होता. मग सुमनच्या नळीकडं पाहिलं आणि संशय फिटला. पाणी बरोबर होतं. कांबळे जागेवर होते. म्हणजे जे दिसत होतं ते खरं होतं.

"वार गेली," बाई म्हणाल्या. "मूल जिवंत असलं तर आज-उद्याचं."

त्या काळी खेड्यात निरोप धाडायचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुधाची गाडी. संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन ती गावोगाव जायची, सकाळी भरून यायची. ड्रायव्हरला सांगितलं, शिवाप्पाला म्हणावं, सकाळच्या गाडीनं बायकोला घेऊन ये, अजिबात थांबू नको.

सकाळी दुधाच्या कॅनांच्या मधोमध बसून महादेवी आली. बाईंनी तिला झोपवलं आणि पोटावर पत्र्याचा भोंगा ठेवून कान लावला. बराच वेळ. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

"ठोके आहेत," बाई म्हणाल्या. "चांगले आहेत." पण चेहरा उलगडला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हेच वाईट. ठोके आहेत तोवर काढलं तर काहीतरी आशा. वाट बघितली आणि थांबले तर? सोलापूरला पाठवते."

शिवाप्पा जीप ठरवायला निघाला. महादेवीनं डोळे मिटून घेतले होते, कडांतून पाणी कानांकडं ओघळत होतं. गंगव्वा भिंतीला टेकून बसली होती. तोंड उघडत होती आणि मिटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय.

तेवढ्यात सुमन डबा घेऊन आली. आदल्या दिवशीच येऊन गेली होती, पण मी सकाळी न खाता पळालो होतो. तिनं खाटेकडं पाहिलं, मला हळूच विचारलं, "ही कोण?"

"अगं, महादेवी. काल तुझ्या शेजारी बसली होती ती."

"ही? छे. काल ती काशी होती. हिची धाकटी जाऊ."

"काय?"

"तासभर बोलत होतो की आम्ही. तिचं पोर अजून अंगावर पितंय, त्याला जावेपाशी ठेवून आली म्हणाली. ती कुठली गरोदर!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत तुम्हाला माहीत नाही? तुम्ही रक्त काढलंत. पोट नाही का दिसलं?"

"परक्या बाईच्या पोटाकडं बघू होय मी?"

हे बोलणं आम्ही आमच्या समजुतीनं हळू आवाजात करत होतो. वर बघितलं तर खोलीत सगळे गप्प आणि सगळ्यांचे डोळे आमच्याकडं. मग ते सगळे डोळे एकदम गंगव्वाकडं वळले.

"अव्वा," बाईंनी विचारलं, "काल कोणाला आणलं होतं?"

गंगव्वानं पदर सावरला. "काशीला," ती म्हणाली. "म्याच आणलं. पोरींचा दोष न्हाय."

"का?"

"हिचं रगत नापास हुतंय म्हनत हुता तुमी. काशीचं लई चांगलं हाय. रेड्यावानी ताकद तिला." मग ज्याला सगळं जग कळतं त्यानं समजावून सांगावं तसं म्हणाली, "आमची म्हस नापास झाली की सॅम्पलला शेजारच्या म्हशीचं दूध देतो. पास हुतं. मग कोन काय बोलत न्हाय."

शिवाप्पा जीपवाल्याला घेऊन दारात येऊन उभा होता. त्याच्या तोंडाकडं बघवेना. सोसायटीचा सचिव तो, सॅम्पलची बाटली दर सकाळी त्याच्याच हातात.

"अव्वा!" तो म्हणाला. "आपली म्हस?"

"मग काय गावाची? दोनदाच दिलंय. लई न्हाय."

बाई खुर्चीत बसल्या. आधी कपाळाला हात लावला. मग तोंडावर हात घेतला, आणि मला त्यांचे खांदे हलताना दिसले. बाई हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्यांना रात्रभर झोप नव्हती, हे मला नंतर कळलं.

हसू ओसरलं तेव्हा त्या गंगव्वाजवळ जमिनीवरच बसल्या. "अव्वा, आज ही सोलापूरला गेली असती. नको असताना पोट फाडून मूल काढलं असतं. कळतंय?"

गंगव्वाला ते आताच कळत होतं. तिनं सुनेकडं पाहिलं. मग म्हणाली, "पोट फाडतील म्हनूनच केलं वो म्या. अन् तेच हुनार हुतं." थोड्या वेळानं, कुणी न विचारता, "पयलं थोराड हुतं म्हनून अडलं. म्हनून दुसऱ्या बारीला हिला अर्धीच भाकर देत हुते. ल्हान ऱ्हावं पोर. सुटावं चटकन. आताबी अर्धीच देतीया."

"आणि दूध?"

"दूध सोसायटीत जातंय की."

महादेवी आता डोळे उघडून छताकडं बघत होती. माझा हात आपसूक सुईकडं गेला. पुन्हा रक्त काढायला हवं होतं, खरं. तिनं हात पुढं केला. बारीक शीर, शोधावी लागणारी. हा हात मी दोन बाजार टोचला होता आणि काल बदललेला मला ओळखू आला नव्हता.

मी रक्त घेऊन मोरीकडं वळलो तर मागं सुमनचा आवाज. तिनं माझा डबा उघडला होता. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. "खाते का गं?" ती महादेवीला विचारत होती.

महादेवीनं सासूकडं पाहिलं. गंगव्वा एकदा डब्याकडं, एकदा माझ्या बायकोकडं बघत राहिली. तिच्या मनात आता भाकरीच्या मापापलीकडचं काय चाललंय ते मला ठाऊक होतं. ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. मी हातात रक्ताची नळी घेऊन उंबऱ्यातच उभा राहिलो.

"खा," गंगव्वा म्हणाली.

महादेवी उठून बसली आणि खाऊ लागली. भुकेलं माणूस खातं तसं, मान वर न करता. एक भाकरी संपली. ती डब्याकडं न बघता बोटं पुसायला लागली, तेव्हा गंगव्वाच सुमनला म्हणाली, "अजून हाय का एक? दे तिला."

त्या दिवशी मी उपाशी राहिलो. पाणी मात्र छप्पन्नावर टिकलं. खऱ्या महादेवीच्या नळीला फिका का होईना पिवळा रंग आला. आधीपेक्षा चढला नव्हता, पण पडलाही नव्हता. बाईंनी जीप परत धाडली आणि महादेवीला आमच्याच इस्पितळात ठेवून घेतलं. काम बंद, कुशीवर पडून राहायचं, दोन वेळा पोटभर जेवायचं. शिवाप्पा सकाळी गाडीबरोबर दुधाची बरणी पाठवायचा, सोसायटीत माप घालायच्या आधी काढलेली. गंगव्वा ती बरणी सुनेच्या तोंडाला लावून समोर बसायची आणि संपेपर्यंत उठायची नाही. पुढच्या बाजारी रंग किंचित चढला. त्यापुढच्या बाजारी आणखी. शिवाप्पा दारात उभा राहून विचारायचा, "पास?" आणि बाई आतून ओरडायच्या, "अजून परीक्षा चालू आहे!"

भाकरीनं सगळं झालं असं बाई कधी म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. वार का हटते, का सावरते, ते पुष्कळदा मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्या पिवळ्या रंगानं आम्हाला फसवलंही आहे. एका बाईची नळी शेवटपर्यंत झेंडूसारखी होती. तिचं मूल पोटातच गेलं. त्या संध्याकाळी मी ती नळी कितीतरी वेळ धुतली नाही. काही धडधाकट बायकांचे आकडे इतके खाली असायचे की आम्ही उगीच त्यांना घोर लावला. बाईंनी पुढं ती तपासणी कमी कमी करत बंदच केली. आता सोलापूरला सोनोग्राफीचं यंत्र आलंय, त्यात म्हणे मूल अंगठा चोखताना दिसतं. मोरीतला माझा स्टोव्ह हल्ली चहाला वापरतो. चहाही उतू जातो.

एक सवय मात्र लागली. रक्त काढायच्या आधी मी बाईला स्वतःच्या तोंडानं नाव सांगायला लावतो, आणि मान खाली घालून का होईना, पोटाकडं एकदा बघून घेतो. नवीन सासवांना ते रुचत नाही. जुन्यांना कारण माहीत आहे. गंगव्वाची गोष्ट दुधाच्या गाडीबरोबर गावोगाव गेलीय.

महादेवी दिवस भरत आले तेव्हा बाळंत झाली. मुलगी. बारीकच होती, पण रडली ती अशी की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून माणसं डोकावली. गंगव्वानं तिला हातात घेतलं आणि मला मोरीच्या दारातून बाहेर बोलावून दाखवलं. "बघा," म्हणाली, "ही खरी हिचीच हाय. बदललेली न्हाय."

मी त्या संध्याकाळी तरंगत घरी गेलो. सुमनचे दिवसही आता भरत आले होते. ती ओट्याला टेकून उभी होती, एक हात कमरेवर. मी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मुलगी, तिचं रडणं, गंगव्वा, शिवाप्पानं सगळ्या इस्पितळाला वाटलेले पेढे. आणि उदार मनानं श्रेयही दिलं. म्हटलं, "त्या दिवशी तू काशीला ओळखलं नसतंस तर घात होता. आणि तुझी नळी होती म्हणून तर एरवी पाणी बरोबर आहे की नाही ते कळायचं. इतके बाजार तुझं रक्त घेतलं, एकदाही दगा नाही."

सुमननं माझ्यापुढं ताट सरकवलं. हात कमरेवरून पोटावर आला.

"दर बाजारी रक्त देऊन यायची," ती म्हणाली, "आणि संध्याकाळी तुम्हाला विचारायची, कसं आहे. तुम्ही दर वेळी पाण्याचं सांगितलंत."